पाहुण्याच्या चहाचं माप

इफ्फत खानूमच्या मनात आपल्या लेकीबद्दल एकच धास्ती होती आणि सोळा वर्षं झाली तरी ती काही जात नव्हती. ही पोरगी एक दिवस मरून जाईल, पण "मला दुखतंय" असं म्हणणार नाही.

धास्ती उगीच नव्हती. लादन एकोणीस वर्षांची असताना, नवरोजच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या, तिसऱ्या दिवशी, लाहिजान गावातल्या त्यांच्या घरात अकरा पाहुणे होते. सकाळपासून लादनच्या पोटात उजव्या बाजूला कळा येत होत्या. दुपारी स्वयंपाकघरात ती क्षणभर भिंतीला टेकली, तेव्हा इफ्फतने तिच्या कानाशी लागून म्हटलं, "पाहुण्यांसमोर असं तोंड करून फिरू नकोस. ते गेले की बघू." पाहुणे रात्री जेवून गेले. तोवर लादनने चार वेळा चहा फिरवला. तबकातून पेला उचलताना प्रत्येकाने रीतीप्रमाणे "हात न दुखोत तुझे, पोरी" म्हटलं आणि तिने प्रत्येकाला हसून उत्तर दिलं. शेवटचा पाहुणा जिना उतरला आणि लादन दारातच खाली बसली. अपेंडिक्स फुटलं होतं. सतरा दिवस रुग्णालयात काढावे लागले.

डॉक्टरांनी इफ्फतला विचारलं होतं, "इतका वेळ काय करत होतात?" या प्रश्नाला खरं उत्तर तिने कधीच कुणाला दिलं नाही.

लादन लहानपणापासूनच अशी. कुणाकडे गेलं आणि पुढ्यात बशी आली की "नको, आत्ताच जेवले" म्हणायची. दुसऱ्यांदा आग्रह झाला तरी नको, तिसऱ्यांदा झाला तर एक तुकडा. बूट आखूड झाले तर दोन महिने बोटं मुडपून चालली. शेजारच्या माहीनने एकदा कौतुकाने म्हटलं, "इफ्फत, तुझ्या मुलीला काय वळण लावलंयस गं!" त्या दिवशी इफ्फतची छाती फुगली होती. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण मुलगी भिडस्त असली की तिला गुणी म्हणतात, आणि हे दोन्ही एकाच तोंडाने म्हणतात.

आता लादन पस्तिशीची होती. रश्त शहरात एका प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग शिकवायची. नवरा कामरान दक्षिणेत गॅसच्या कारखान्यावर. चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी. मूल नव्हतं. लादन आईला रोज संध्याकाळी फोन करायची आणि रोज सगळं छान असायचं. मागच्या हिवाळ्यात तिने एकदा सांगितलं होतं, "मामान, मी आता फळ्यावर लिहीतच नाही. मुलांनाच उठवते आणि लिहायला लावते. नवीन पद्धत. मुलं काय खूश असतात!" इफ्फतने ही नवीन पद्धत माहीनला सांगितली, वाण्याला सांगितली, दाताच्या डॉक्टरलाही सांगितली.

वसंतात लादनच्या घरातलं स्वयंपाकघर कोसळलं. कोसळलं म्हणजे भिंती नव्हे. आधीच्या मालकाने बसवलेली हिरव्या रंगाची पत्र्याची कपाटं होती. रश्तच्या दमट हवेने त्यांचे तळ खाऊन टाकले होते. एके दिवशी नळाखालच्या कपाटाचा तळ साबणाच्या डब्यांसकट जमिनीवर आला. लादन म्हणाली, "खाली एक फळी टाकली की झालं." इफ्फत म्हणाली, "पंधरा वर्षं फळीच टाकत बस." आणि ती मुरवलेल्या ऑलिव्हांची बरणी घेऊन शेअर टॅक्सीने रश्तला आली.

पहिल्या दिवशी दोघी दुकानं बघत हिंडल्या. एका मोठ्या दुकानात ओळीने सहा स्वयंपाकघरं मांडली होती. त्यांतल्या एकातही कधी कांदा चिरलेला नव्हता. तिथली बाई एकेका दाराला बोट लावून दाखवत होती. हे दाबलेल्या लाकडाचं, हे वरून प्लास्टिकचं पातळ आवरण चिकटवलेलं, हे आरशासारखं चकाकणारं. इफ्फत त्या पांढऱ्या चकाकीपुढे थांबली. वरच्या कपाटांची दारं बाजूला न उघडता वर उचलली जात होती. जरा ढकललं की आतल्या दांड्याच्या जोरावर आपली आपण वर जायची आणि तिथेच राहायची.

"हे घे," इफ्फत म्हणाली. "ही दारं डोक्याला लागत नाहीत. माझ्या कपाळावरची खूण बघ."

"छान आहे, मामान."

"तुला दुसरं आवडलंय का?"

"नाही, तुला आवडलंय ते छानच आहे."

"अगं, स्वयंपाक तू करणारेस!"

"हो ना. म्हणूनच. छान आहे."

दुकानातली बाई हसली. म्हणाली, "खानूम, अशी मुलगी मिळायला नशीब लागतं. माझी मुलगी माझ्याशी नळाच्या तोटीवरून चार दिवस भांडली." इफ्फतला त्या क्षणी त्या दुसऱ्या मुलीचा, न बघितलेल्या भांडकुदळ मुलीचा, थोडा हेवा वाटला. असं का वाटावं, हे तिला तेव्हा कळलं नाही.

पण कपाटं दुकानातून घ्यायची नाहीत, हे तिने घरूनच ठरवून आणलं होतं. कपाटं सुतार उस्ताद सफरच करणार. लाहिजानचं तिचं स्वयंपाकघर बावीस वर्षांपूर्वी त्यानेच केलं होतं. आता तो सत्तरीला आला होता, हळू काम करायचा आणि बोलायचा भरपूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद आला. खिशात पेन्सिल आणि कमरेला मोजपट्टी होती, पण पट्टी त्याने काढली नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि म्हणाला, "पोरी, आधी चहा."

ही त्याची जुनी रीत. रश्तपासून लाहिजानपर्यंत ज्यांनी ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतलं, त्यांना ती माहीत होती. तो म्हणायचा, "भिंत मोजायला दोन मिनिटं लागतात. मोजायची असते ती बाई. तिला विचारलं तर ती मासिकात बघितलेलं सांगते. तिला चहा करायला सांगितलं की तिचे हात खरं बोलतात." मग बाई चहा करायची आणि हा बघत बसायचा. चहाचा डबा कुठून काढते, कोणत्या हाताने. किटलीपासून नळापर्यंत किती पावलं. ओला चमचा कुठे ठेवते. वाकताना गुडघ्यावर हात टेकते का. पावलं तो बोटांनी स्वतःच्या मांडीवर मोजायचा. चहा संपेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं स्वयंपाकघर उभं राहिलेलं असायचं.

लादन उठली. चहाच्या पाण्याचा समोवार तापलेलाच होता. रोजचे जाड पेले नळाशेजारी पालथे घातलेले होते. तिने त्यांना हात लावला नाही. टाचा उंचावून, उजवा हात पार वर नेऊन, पत्र्याच्या वरच्या कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरून तिने सोनेरी काठाचे पेले काढले. माणसं तीन, पण पेले सहा काढले, कारण तीनच काढणं बरं दिसत नाही. एकेक करून, सावकाश. पाठ त्यांच्याकडे होती. मग साखरेच्या खड्यांची वाटी, ती पण वरचीच. मग तबक दोन्ही हातांवर सरळ धरून उस्तादसमोर.

इफ्फत बघत होती. लाहिजानची मुलगी चहा कसा देते ते रश्तवाल्यांनी बघावं, असं तिच्या मनात आलं.

"हात न दुखोत, पोरी," उस्ताद म्हणाला.

"तुमचं डोकं न दुखो, उस्ताद."

त्याने साखरेचा खडा दातांत धरला, चहा प्यायला आणि मग प्रश्न विचारले. "वर हात नीट जातो ना?"

"जातो."

"जड भांडी वर ठेवलीस तर?"

"काही अडचण नाही."

"ओटा किती उंच हवा?"

"तुम्ही म्हणाल तितका, उस्ताद."

"खालच्या कपाटांना दारं करू की ओढायचे खण करू?"

"दोन्ही चांगलंच."

उस्तादने पेन्सिल कानावर ठेवली. "पोरी, माझं रंधायंत्रसुद्धा तुझ्याहून जास्त कुरकुर करतं."

खालच्या कपाटांचं त्यानेच ठरवलं. सगळे खण. "दारवाल्या कपाटात मागचं भांडं काढायला बाईला नमाजाला बसल्यासारखं वाकावं लागतं. खण ओढला की भांडंच आपल्याकडे येतं." कपाटांखाली चार बोटं उंच पाय, म्हणजे लादी पुसताना पाणी फळीत शिरणार नाही. फळीची प्रत्येक कड पट्टी चिकटवून बंद. "रश्तची हवा फळी पिते. एक कड उघडी राहिली की दोन हिवाळ्यांत फळी पावासारखी फुगते." इथवर सगळं सुरळीत झालं. वाद झाला तो वरच्या कपाटांवरून. इफ्फतला चकाकणारा पांढरा रंग हवा होता आणि वर उचलायची दारं हवी होती.

"चकाकणारी दारं बोटांचे ठसे जपून ठेवतात, खानूम. पोलिसांच्या घराला बरी."

"पुसता येतात."

"आणि वर उघडणारं दार हे उंच माणसाचं दार. उघडतं आपसूक, पण बंद करायला हात पार वर न्यावा लागतो."

"बावीस वर्षांपूर्वी तुमच्याच दाराने माझं कपाळ फोडलं, उस्ताद."

"दार त्याच्या जागेवरच होतं, खानूम. ते उघडं टाकून खाली कुणी वाकलं होतं?"

लादन हसली. इफ्फतही हसली, पण तिने हट्ट सोडला नाही. शेवटी उस्तादने लादनकडे बघितलं, मग त्या सोनेरी काठाच्या पेल्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं. हिचा हात वर जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. करू या."

कामाला पाच आठवडे लागले. बसवताना इफ्फत नव्हती. लाहिजानमध्ये तिचं स्वतःचं एक काम निघालं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता आणि तो काढायची तारीख डॉक्टर देत होते. हे तिने लादनला सांगितलं नव्हतं. पोरगी शाळा सोडून धावत येईल, उगाच कशाला? माहीन बरोबर येणार होती.

संध्याकाळचे फोन चालूच होते. "कपाटं कशी झालीत?" "सुंदर, मामान. शेजारणी बघायला येतात." "खण नीट ओढले जातात?" "लोण्यासारखे." "आणि वरची दारं?" "तीही छान." लादनचं "छान" ऐकून इफ्फतचं मन निवायच्या ऐवजी जरा जास्तच अस्वस्थ व्हायचं, पण अस्वस्थ व्हायला हाताशी काही कारण नव्हतं.

उस्ताद सफरची आणखी एक रीत होती. कपाटं बसवल्यावर चाळीस दिवसांनी तो परत यायचा. चाळीस दिवसांत भांड्यांचं वजन पडतं, हवा आपलं काम करते, बिजागऱ्या थोड्या उतरतात. मग त्या एकदा आवळल्या की दहा वर्षं बघायला नको. त्याने लादनला फोन करून बुधवारी अकरा वाजता येतो म्हणून कळवलं. बुधवारी अकरा वाजता लादन शाळेत असते. तरी ती म्हणाली, "हो उस्ताद, तुम्हाला सोयीचं असेल तसं." हे संध्याकाळच्या फोनवर बोलता बोलता बाहेर आलं, तेव्हा इफ्फत म्हणाली, "मग दार कोण उघडणार? तुझी सावली? किल्ली माझ्याकडे आहे, मी येते."

मग लादन म्हणाली, "नको मामान, एवढ्या लांब कशाला?" पण इफ्फतने तोवर ठरवून टाकलं होतं.

बुधवारी ती साडेदहाला पोचली. उस्ताद तिच्या मागोमाग जिना चढला. स्वयंपाकघराचं दार उघडल्यावर इफ्फतला पहिल्यांदा नुसता लखलखाट दिसला. पांढरं, स्वच्छ, खिडकीतला उजेड सगळ्या दारांवर. मग वरच्या कपाटांच्या मुठींना काहीतरी निळं लटकताना दिसलं. तिला वाटलं, शोभेसाठी काही लावलंय. हल्ली तिला लांबचं धुरकटच दिसायचं. जवळ गेल्यावर कळलं. कापडाच्या पट्ट्या होत्या. लादनचा जुना निळा रुमाल, डोक्याला बांधायचा, फाडून लांब पट्ट्या केल्या होत्या आणि एकेका मुठीला बांधल्या होत्या. पट्टीचं टोक खांद्याच्याही खाली येत होतं. पाच दारांपैकी दोन दारांच्या पट्ट्या सोडून ओट्यावर टाकल्या होत्या. तिसरीची गाठ अर्धवट सैल झाली होती. कुणी बघायच्या आत सोडायला घेतल्या होत्या, पण बहुतेक शाळेची वेळ झाली असावी.

उस्तादने एक दार वर ढकललं आणि लगेच त्याची पट्टी ओढून बघितली. दार शांतपणे खाली आलं.

"हं," तो म्हणाला. "अक्कल चांगली लढवलीय."

त्याने दार परत वर उचललं. आत काही नव्हतं. दुसरं उचललं. तेही रिकामं. तिसऱ्यात त्याची स्वतःची पेन्सिल होती. "अरे, ही इथे! मी चाळीस दिवस नातीवर आळ घेतोय." पाचही कपाटं रिकामी होती.

"मग सामान कुठंय?" इफ्फत म्हणाली. तिला आधी रागच आला. एवढी कपाटं काय दाखवायला केली?

सामान खाली होतं. ताटं खालच्या खणात. पेले खालच्या खणात. भाताचं मोठं पातेलं फ्रिजशेजारी जमिनीवर. मसाल्याच्या बाटल्या, चहाचा डबा, लसणाचं लोणचं सगळं ओट्यावर, भिंतीला लागून. आणि हे सगळं शेगडीच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूचे खण उघडले तर त्यांत जुनी वर्तमानपत्रं आणि एक इस्त्री. सोनेरी काठाचे सहा पेले अगदी तळच्या खणात टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवले होते.

उस्ताद ओट्यापासून चार पावलं मागे गेला, वाकला आणि खिडकीच्या उजेडात दारांकडे तिरपं बघत राहिला. नंतर त्याने इफ्फतला बोलावलं. "इकडे या, खानूम. ठसे बघा."

तिला नीट दिसत नव्हतं. मग त्यानेच बोटाने दाखवलं. ठसे होते ते डावीकडे आणि खाली. उजवीकडचे खण कोरे. वरची दारं मुठीशेजारी पुसट, बाकी कोरी.

"मी काय म्हणालो होतो चकाकणाऱ्या दारांबद्दल?" उस्ताद म्हणाला, पण त्याच्या आवाजात नेहमीची थट्टा नव्हती. "हे डावखुऱ्या बाईचं स्वयंपाकघर आहे."

"माझी लादन उजव्या हाताची आहे."

"मला चहा दिला तेव्हा होती."

तो स्टुलावर बसला. त्याच कोपऱ्यात, त्याच जागी. "चूक माझी आहे, खानूम. मी चहा मागितला आणि तिने पाहुण्याला देतात तसा दिला. रोजचे पेले नळाशेजारी पालथे होते, मी बघितले होते. तिने ते घेतले नाहीत, वरचे काढले. मला वाटलं, हात वर जातो. हात जात नव्हता. तिने तो नेला. पट्टीने दार खाली येतं, फळी येत नाही. अडतीस वर्षं बायकांच्या हातांवरून मापं घेतोय. आणि इथे पाहुण्याच्या चहाचं माप घेऊन रोजचं स्वयंपाकघर केलं."

इफ्फतने एक खण ओढला आणि बंद केला. पुन्हा ओढला. खरोखरच लोण्यासारखा होता. मग ती म्हणाली, "ती फळ्यावर लिहीत नाही."

"काय?"

"वर्गात. हिवाळ्यापासून. मुलांना लिहायला लावते." आणि थोड्या वेळाने, "मी सगळ्या लाहिजानला सांगत फिरले."

उस्ताद उठून बिजागऱ्या आवळायला लागला.

एक वाजता लादन आली. दारातूनच तिने आधी वर, दारांकडे बघितलं आणि मग आईकडे. "आलीस मामान! उस्ताद, थकला असाल. बसा, चहा टाकते."

"चहा नको," उस्ताद म्हणाला. "आज मी पाहुणा नाही, कामाचा माणूस आहे."

"घरात पाऊल टाकलेला माणूस पाहुणाच," लादन म्हणाली आणि कामाला लागली. या वेळी दोघंही बघत होते. पिशवी तिने डाव्या खांद्यावरून डाव्याच हाताने उतरवली. डबा डाव्या हाताने. उजवा हात कोपरापासून पुढे तेवढा चालत होता. वरचा भाग अंगाला बांधल्यासारखा चिकटलेला. बघायचं ठरवल्यावर किती उघड दिसत होतं! खणातल्या टॉवेलमधले सोनेरी पेले काढायला ती वाकली तेव्हा उस्ताद जरा जोरातच म्हणाला, "ते जाड पेले दे, पोरी. मला चहा गरम लागतो." तिने ऐकलं.

"या पट्ट्या बऱ्या केल्यास," तो पेला घेत म्हणाला.

लादनचे कान लाल झाले. "त्या होय? गंमत म्हणून. शाळेत मुलांबरोबर काहीबाही करत असते ना."

"कपाटं वीतभर खाली घेऊ? आणि दारं बाजूला उघडणारी करतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझ्या मनाला बरं वाटेल."

"अहो नको, उस्ताद! एवढ्या मेहनतीने केलंत. किती सुंदर आहे."

इफ्फतच्या जिभेवर आलं होतं. पण समोर उस्ताद होता, परका माणूस, चहा पीत बसलेला. पाहुण्यांसमोर कसं विचारायचं? ते गेले की बघू, असं तिच्या मनात आलं आणि ते शब्द ओळखून तिने हातातला पेला बशीवर ठेवून दिला.

उस्ताद निघाला तेव्हा ती त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली. तो हळू आवाजात म्हणाला, "मालकिणीच्या शब्दावाचून मी एक स्क्रू काढणार नाही, खानूम. कपाटं तिची आहेत. तिने नुसतं म्हणावं, उस्ताद, मला हात पोचत नाही. दुसऱ्या दिवशी येतो. आणि कपाटांचं सोडा, तो खांदा कुणाला तरी दाखवायला हवा. माझ्या भावाने असाच अंगावर काढला, आता त्याला टोपीसुद्धा घालता येत नाही."

"मी विचारते."

"नुसतं विचारू नका. विचारलंत की ती चहा टाकेल."

आणि तसंच झालं. इफ्फत आत आली, म्हणाली, "लादन, तुझा हात..." लादन म्हणाली, "थोडा अवघडलाय, झोपेत वेडावाकडा पडला असेल. मामान, तू जेवली नाहीस ना? कालचं वांगं-लसूण आहे, तुझ्या आवडीचं. आधी चहा घेशील का?" तिचा चेहरा हसरा होता. तो चेहरा इफ्फतने पूर्वी कुठे बघितला होता ते तिला पक्कं आठवत होतं.

दुपारच्या टॅक्सीने ती लाहिजानला परतली. लादनने निघताना सांगितलं, पोचल्यावर फोन कर. तिने केला. "पोचले, सगळं छान आहे." बोलून झाल्यावर तिला तो शब्द ऐकू आला.

गुरुवार-शुक्रवार सुट्टी, शाळा नसते. गुरुवार उजाडला. सकाळी दहा वाजता इफ्फत आपल्या स्वयंपाकघरात बसली होती. उस्तादने बावीस वर्षांपूर्वी केलेलं, बाजूला उघडणाऱ्या दारांचं. काल रात्रीपासून ती वाक्यं जुळवत होती. "खरं सांग" म्हटलं तर लादन म्हणेल, खरंच सांगतेय. "डॉक्टरकडे जा" म्हटलं तर म्हणेल, जाते हं मामान, आणि जाणार नाही. कामरानला सांगावं तर तो दक्षिणेतून फोन करेल, आणि त्यालाही हसरा आवाजच ऐकू येईल. रागवावं, तर ती माफी मागेल. या पोरीच्या घराला सगळीकडून दारं होती आणि प्रत्येक दारात ती तबक घेऊन उभी होती.

माहीन डोकावून गेली. "मंगळवारी सात वाजता निघायचंय गं रुग्णालयात. उपाशीपोटी यायचं सांगितलंय, आठवण आहे ना? लादनला कळवलंस का?"

"नाही."

"बरं केलंस. पोरगी उगाच काळजी करेल."

माहीन गेली. इफ्फत बसून राहिली. बऱ्याच वेळाने ती उठली आणि स्वतःसाठी चहा ओतायला लागली. पेल्याच्या काठाचा अंदाज चुकला आणि थोडं गरम पाणी बोटांवर सांडलं. असं हल्ली दोन-तीनदा झालं होतं. ती "आई गं" म्हणाली नाही. घरात कुणी नव्हतं, तरी म्हणाली नाही. बोटं नळाखाली धरून ती उभी राहिली आणि ही सवय लादनने कुठून उचलली, हा प्रश्न तिने पहिल्यांदाच स्वतःला सरळ विचारला.

मग तिने हात पुसला. जुळवलेली सगळी वाक्यं सोडून दिली. त्यांतल्या एकाही वाक्यात ती स्वतः नव्हती. उस्ताद चहा मागत होता, म्हणून फसला. मागायचं नाहीच. आधी आपला पालथा पेला सरळ करून पुढे ठेवायचा. लादन, माझा डावा डोळा गेलाय. तीन महिने झाले. मंगळवारी ऑपरेशन आहे आणि मला भीती वाटते. माहीन नको, मला तू हवीस. असं म्हणायचं. एवढं म्हणून गप्प बसायचं, मग तिकडे कितीही वेळ शांतता झाली तरी. तिने रजा काढली, आली, तर त्याच रुग्णालयात खालच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर बसतात. पण ते पुढचं. आणि त्या नवरोजचंही एकदा बोलायचं, पाहुणे गेले की बघू म्हणाले होते ते.

तिला लाज वाटत होती. बासष्टाव्या वर्षी आपल्याच मुलीपुढे "भीती वाटते" म्हणायची लाज. तिने फोन उचलला आणि खिडकीपाशी नेला, कारण इतक्या उजेडातही आकडे एकमेकांत मिसळत होते. तेही सांगायचं, असं ठरवून तिने लादनचा नंबर लावायला सुरुवात केली.